रबरमामाच्या जागी

परीक्षेच्या आदल्या दिवशी रबरमामाचा हात खांद्यातून निखळला आणि त्याच्या छातीत पाणी शिरलं. रबरमामा म्हणजे नर्सिंग कॉलेजच्या सराव-खोलीतला पुतळा. अठरा वर्षं तो खिडकीजवळच्या एकाच पलंगावर पडून होता, आणि एवढ्या वर्षांत त्याला जेवढ्या जणींनी अंघोळ घातली तेवढ्या जणींनी एखाद्या राजालाही घातली नसेल. त्याला हजारो इंजेक्शनं टोचली, त्याच्या नाकात नळ्या घातल्या, दिवसातून दहादा त्याची चादर बदलली, आणि त्याने कधी हूं की चूं केलं नाही. असा रुग्ण मिळायला भाग्य लागतं. पण रबर झालं तरी त्याचंही वय होतंच की! दुरुस्तीवाला त्याला चादरीत गुंडाळून घेऊन गेला तेव्हा मुली जिन्यात उभ्या राहून हसत होत्या. दोघीतिघींच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं, कारण उद्याची परीक्षा द्यायची कुणावर हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

"माझ्यावर द्या," बाई म्हणाल्या.

बाई या मुलींच्या शिक्षिका. माघारी मुली त्यांना पट्टीबाई म्हणत, कारण चादरीचा कोपरा नीट दुमडलाय की नाही हे त्या खरोखरच पट्टी लावून पाहायच्या. बाईंना हे नाव माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्यांच्या हाताखालची एकही परीक्षा आजवर पुढे ढकलली गेली नव्हती. आता एका रबराच्या हातासाठी ती पुढे ढकलायची? छे!

"मी झगा घालून पडून राहीन," त्यांनी मुलींना सांगितलं. "मला रबरमामाच समजायचं. मी बोलणार नाही, हलणार नाही. चेकलिस्ट तीच, वेळ तोच. काहीही बदललेलं नाही, कळलं?"

"हो बाई," बारा मुली एका सुरात म्हणाल्या.

ती चेकलिस्ट बाईंचंच लेकरू. बावीस पायऱ्या, पंधरा मिनिटं, विषय अंथरुणातच रुग्णाचं अंग पुसून देणं. परीक्षकाला ऐकू जावं म्हणून प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून करायची. 'मी हात धूत आहे.' 'मी रुग्णाला धीर देत आहे.' रबरमामाला काही धीर लागत नव्हता, त्यामुळे तेवढं म्हटलं की भागायचं आणि एक गुण मिळायचा. पाचवी पायरी नाडीची. आता रबराला नाडी कुठली? पण रकाना तर भरायला हवा, म्हणून कधीतरी पूर्वी बाईंनीच सांगून ठेवलं होतं की बहात्तर लिहा. तेव्हापासून या कॉलेजातली प्रत्येक मुलगी त्या मनगटाला बोटं टेकवून 'नाडी बहात्तर' म्हणत पुढे जात आली होती.

एक सोडून. तिला सगळ्या गोगलगाय म्हणत. ही मुलगी पहिल्यांदा परीक्षेला बसली तेव्हा रबरमामाचं मनगट धरून पूर्ण एक मिनिट उभी राहिली, मग दुसरं मनगट धरून आणखी एक मिनिट, आणि शेवटी रकान्यात लिहिलं, 'नाडी लागत नाही.' खोलीत हशा पिकला. वेळ संपली आणि ती नापास झाली. दुसऱ्यांदा तिने बहात्तर म्हटलं खरं, पण रबरमामाच्या बोटांच्या बेचक्या पुसत बसली आणि पाठीपर्यंत पोचलीच नाही. दोन्ही वेळा बाईंनी स्वतःच्या पेनाने 'अनुत्तीर्ण' लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं होतं, पण हात काही थरथरला नव्हता. तिसऱ्यांदा नापास झाली तर नाव पटावरून काढायचं, असा कॉलेजचा नियम. म्हणजे उद्याच्या पंधरा मिनिटांत त्या पोरीचं तळ्यात की मळ्यात होणार होतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकबाई बाहेरगावाहून आल्या त्या तासभर लवकर. मग काय, धावपळ. बाईंना मधुमेह होता. सकाळची गोळी त्यांनी घेतली, पण डबा कपाटातच राहिला. आधी काम, मग पोट, ही त्यांची जुनीच सवय. हीच सवय विद्यार्थिनींमध्ये दिसली की त्या तासभर झापत, ती गोष्ट वेगळी. त्यांनी निळा झगा चढवला, केस सोडले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रबरमामाच्या पलंगावर आडव्या झाल्या. गादीत त्याच्या आकाराचा खळगा पडला होता. त्यात बाई अगदी चपखल बसल्या.

पहिली आली तुफान. तिचं हे नाव तिच्या वेगावरून पडलं होतं, आणि वर्गात पहिली येण्याचा मान तीन वर्षं तिचाच. तिचे हात इतके चटपटीत चालले की आपण माणूस आहोत की घासायला काढलेलं भांडं, असा बाईंना प्रश्न पडला. तोंड तर पुसूनही झालं.

"मी रुग्णाला धीर देत आहे," तुफान परीक्षकबाईंकडे बघत म्हणाली.

बाई मिटल्या डोळ्यांनी धीराची वाट पाहत राहिल्या. तो काही आला नाही. मग मनगटावर दोन बोटं टेकली, तीही वरच्या बाजूला, जिथे कुणाचीच नाडी लागत नाही. "नाडी बहात्तर," तुफान म्हणाली. अकरा मिनिटांत हात, पाय, पाठ, सगळं आटोपलं. परीक्षकबाईंचं पेन टिक, टिक, टिक करत बावीस घरं उतरून गेलं.

दुसरी आली. तिसरी आली. खिडकीचा पांढरा पडदा आत यायचा, क्षणभर थबकायचा आणि परत बाहेर जायचा. चष्मा नसल्यामुळे छत म्हणजे नुसतं दुधाळ काहीतरी होतं, आणि त्यात पंखा विरघळत फिरत होता. बाईंनी डोळे मिटले काय नि उघडले काय, दोन्हींत फारसा फरक उरला नव्हता. हात यायचे आणि जायचे. काही घाईचे, काही घामेजलेले, एकाच्या अंगठीचा खडा टोचणारा. चेहरे नव्हतेच, नुसते हात. ते कुठून येतात हे कळत नव्हतं, आणि हळूहळू कळून घ्यावंसंही वाटेना.

पाणी गार झालं होतं. तिसरीपासूनच गार झालं होतं. बाईंना सांगावंसं वाटलं, अगं, 'पाण्याचं तापमान तपासलं' असं आत्ताच म्हणालीस ना? पण रबरमामा बोलत नसतो. गार ओघळ मानेवरून उशीत उतरला, तिथून बहुतेक पलंगाखाली, तिथून खोलीभर. बघता बघता पलंग जमिनीपासून सुटला आणि अलगद हलू लागला. बाईंना त्याचं जराही नवल वाटलं नाही. उलट, एवढी वर्षं या पलंगाची चाकं कुरकुरत होती ती आता कशी तेल घातल्यासारखी झाली, याचं बरंच वाटलं.

पलंगाशेजारच्या स्टुलावर कुणीतरी बसलं होतं. रबरमामा होता. निखळलेला हात त्याने मांडीवर घेतला होता.

"काय मग, जमतंय का?" त्याने विचारलं.

"त्यात न जमण्यासारखं काय आहे? पडून तर राहायचंय," बाई म्हणाल्या.

"तेच तर अवघड असतं. पाणी कसं आहे?"

"गार."

"असायचंच. मला तर अठरा वर्षं तसंच मिळालं."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"एक तर मी रबराचा," रबरमामा म्हणाला. "आणि दुसरं म्हणजे, कुणी विचारलंच नाही."

यावर काहीतरी सणसणीत बोलावं असं बाईंच्या मनात आलं. उत्तर देण्यात त्या कधी कुणाला हरल्या नव्हत्या. पण शब्द जिभेपर्यंत येऊन कापसासारखे मऊ पडत होते. पाचवीने की सहावीने त्यांना कुशीवर वळवलं. 'मी रुग्णाची लाज राखत आहे,' असं म्हणत तिने पाठीवरचा झगा पार वर सरकवला, आणि पलंगाभोवतीचा पडदा ओढायचं राहूनच गेलं. बाईंना नवल वाटलं की पाठीलाही कान असावेत तसं कळतं, खोलीत किती जण आहेत, दार उघडं आहे, बाहेर कोण हसतंय. चाळीस वर्षांत त्यांनी किती पाठी उघड्या केल्या असतील! त्या सगळ्या पाठी आता खोलीत रांगेने उभ्या होत्या, शांत, तोंड पलीकडे करून. एकीनेही वळून पाहिलं नाही. बाईंना त्यांच्यापुढे फार लाज वाटली.

"नाडी बहात्तर."

"नाडी बहात्तर."

कुणीतरी पाढे म्हणत असावं तसा तो आकडा येत राहिला. बाईंना तो ऐकून सुखच वाटलं. बहात्तर म्हणजे सगळं ठीक. आपण बहात्तर आहोत, पंखा बहात्तर आहे, पडदाही बहात्तरच. हातापायांना एक बारीक कंप सुटला होता, पण तो पलंग पाण्यावर हलत होता त्याचा असणार. कपाळावर थेंब होते, पण एवढ्या जणींनी पुसल्यावर थेंब असायचेच. बाईंनी स्वतःला समजावलं की दमणूक आहे, वय झालंय, झोप येतेय. चाळीस वर्षं नर्स असलेली बाई, आणि अंगावरची लक्षणं एकेक करून घरी पाठवत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असतो.

मग बराच वेळ कुणीच आलं नाही, किंवा आलेलं कळलं नाही. आणि त्यानंतर अगदी कानाशी कुणीतरी हळू म्हणालं, "बाई, मी आले. आता मी आहे तुमच्याजवळ."

बाईंनी डोळे उघडले. दुधाळ छताखाली एक धूसर, गोल चेहरा होता. गोगलगाय. बारावी आणि शेवटची.

'माझ्याकडे काय बघतेस, परीक्षकांकडे बघून बोल,' बाई मनात ओरडल्या. 'एक गुण आहे त्याला!' आणि मनातल्या मनातच त्यांना कळलं की ही पोर पास व्हावी असं आपल्याला वाटतंय. नुसतं वाटत नाहीये, जीव टांगणीला लागलाय. दोनदा नापास करताना जो हात थरथरला नव्हता तो आता चादरीखाली थरथरत होता.

गोगलगायीने कोपर पाण्यात बुडवलं. "अगंबाई, हे तर बर्फ झालंय." तिने भांडं उचललं आणि ती निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, शेगडी पेटल्याचा आला. तिकडे परीक्षकबाईंच्या टेबलावर घड्याळ चालूच होतं. तीन मिनिटं गेली, चार गेली. गेली, बाईंना वाटलं, हिची तिसरी परीक्षाही पाण्यात गेली.

ती परत आली. पडदा ओढला. कोमट, पिळलेलं फडकं बाईंच्या डोळ्यांवरून असं फिरलं की बाईंच्या घशात हुंदका दाटून आला. तो का आला हे त्यांना कळेना. रबरमामाला हुंदका येत नसतो.

"चटका नाही ना बसत?" तिने विचारलं.  ती उत्तरासाठी थांबली. मग तिने मनगट हातात घेतलं, आतल्या बाजूने, जिथे धरायचं असतं तिथे, आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

'बहात्तर म्हण,' बाईंनी मनोमन तिला विनवलं. 'म्हण आणि पुढे हो.'

पूर्ण एक मिनिट. खोलीत दुसरं काही नव्हतंच. पलंग हलायचा थांबला. पाणी थांबलं. त्या तीन बोटांखाली काहीतरी पिंजऱ्यातल्यासारखं धडपडत होतं, आणि ते आपल्याच आत आहे हे बाईंना पहिल्यांदा कळलं.

"नाडी एकशे बारा," गोगलगाय म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तिने बाईंच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग तळहात उलटून पाहिला. "बाई, हा पाण्याचा ओलावा नाहीये, घाम आहे. गार घाम. तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का?"

बाईंना उत्तर द्यायचं नव्हतं. पण उत्तर दिलं नाही तर ही इथेच अडून बसणार, याचीही खात्री होती.

"मी ठीक आहे," त्या पुटपुटल्या. जीभ जड झाली होती. "पुढची पायरी घे. सहावी. वेळ बघ."

"नाही बाई."

"अगं मूर्ख मुली, सहा मिनिटं उरलीत. तुझं वर्ष..."

"माझं वर्ष राहू दे. तुमचे हात कापतायत."

आणि तिने खरोखरच फडकं भांड्यात टाकलं. एवढी वर्षं शिकवताना बाईंचं ऐकलं नाही अशी विद्यार्थिनी त्यांना भेटली नव्हती, आणि भेटली ती हिच्यासारखी शेळपट, अर्धं वाक्य बोलायला दहा वेळा आवंढा गिळणारी! तिने बाईंच्या मागे हात घालून त्यांना उठवून बसवलं, पडदा बाजूला केला आणि भर परीक्षेत परीक्षकबाईंना हुकूम सोडला.

"मॅडम, कपाटात साखर तपासायचं मशीन आहे, ते आणा. मी साखरेचं पाणी करते. यांची साखर उतरलीय."

परीक्षकबाई इतक्या चकित झाल्या की उठून मशीन आणायलाच गेल्या. बोट टोचलं. बेचाळीस. माणूस त्यानंतर बोलायचा बंद होतो आणि मग कुणी हाक मारली तरी ओ देत नाही, इतकी खाली.

"आधी एक घोट घ्या बाई. गिळता येतंय ना? हं. आता दुसरा." तिचा एक हात बाईंच्या पाठीवर होता आणि तो तिथून हलला नाही. "माझ्या बाबांची अशीच उतरायची. अर्धांगवायू झाल्यावर बोलता यायचं नाही त्यांना. दोन वर्षं हातानेच कळून घ्यायचे मी. घाई केली की काहीच कळायचं नाही."

बाईंना हे माहीत नव्हतं. तीन वर्षांत त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. 'तू एवढी सावकाश का?' हे विचारलं होतं खूपदा, पण ते विचारणं नव्हतं, ते खडसावणं होतं. साखरेचं पाणी घशाखाली उतरत गेलं, तसतशा खोलीच्या भिंती एकेक करून आपापल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. पंखा पंखा झाला. स्टूल रिकामं होतं.

टेबलावरची घंटा वाजली. पंधरा मिनिटं संपली होती. गोगलगायीने घंटेकडे पाहिलं, मग भांड्यातल्या फडक्याकडे, आणि मग तिचा चेहरा असा काही पडला की बाईंना बघवेना.

"बाहेर जा हं बाळ, जरा," परीक्षकबाई तिला म्हणाल्या. ती गेली. त्यांनी चेकलिस्ट समोर ओढली.

"बावीसपैकी पाच पायऱ्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा मॅडम, उत्तीर्ण कशी लिहू?"

बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. केस ओले, पाय अनवाणी, अंगात निळा झगा. "तिने जीव वाचवलाय माझा."

"ते मी पाहिलं. नियमही आहे तसा. रुग्णाची प्रकृती बिघडली तर काम थांबवायचं आणि ते थांबवणंच पुरं काम धरायचं. पुतळ्याची प्रकृती बिघडत नाही म्हणून तुमच्याकडे तो कधी लागला नसेल." परीक्षकबाई कजाग होत्या, पण सरळ होत्या. त्यांनी बाकीचे अकरा कागद पत्ते मांडावेत तसे टेबलावर पसरले. "पण तो लावायचा तर मला लिहावं लागेल की नाडी एकशे बारा होती. मग या अकरा बहात्तरांचं काय करू? एकाच माणसाची नाडी अकरा वेळा मोजली तर एकदा तरी एकाहत्तर येते, एकदा तरी चौऱ्याहत्तर. मी बसून टिका मारत गेले, ती चूक माझी. पण आता दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येणार नाही. एकतर ही एक जण खोटी, नाहीतर त्या अकरा जणी. तुम्ही सांगा. हात तुमचा होता."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. खरं सांगितलं तर अकरा मुलींची परीक्षा रद्द, आणि रद्द का झाली याच्या अहवालात आपलं नाव. चार महिन्यांवर निवृत्ती. डागाविना गेलेली चाळीस वर्षं. आणि गप्प राहिलं तर काहीच होणार नव्हतं. बारा मुलींत एक नापास, आधीही दोनदा झालेलीच. कुणाच्या भुवयासुद्धा वर गेल्या नसत्या. बाईंनी स्वतःचं मनगट चाचपून पाहिलं. त्यावर अकरा जणींची बोटं पडली होती, पण आठवण एकीच्याच बोटांची होती.

"तिची परीक्षा झाली," बाई म्हणाल्या. "त्या अकरा जणींची अजून व्हायचीय. लिहा तसं."

परीक्षकबाईंनी 'उत्तीर्ण' लिहिलं आणि पेन बाईंपुढे केलं. बाईंनी सही केली. मग बाकीच्या अकरा कागदांवर एकेक ओळ लिहून सह्या केल्या. त्याला बराच वेळ लागला.

बाहेर व्हरांड्यात अकरा मुली सुटल्यासारख्या गप्पा मारत होत्या. गोगलगाय एकटी बाकाच्या टोकाला बसली होती आणि तिने पिशवी आधीच भरून ठेवली होती. झग्यातल्या बाई दारात दिसल्या तशा सगळ्या चिडीचूप झाल्या. बाई भिंतीला धरून आल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या.

"पिशवी खाली ठेव. पास झालीस तू," त्या म्हणाल्या. आवाज चढवायची ताकद नव्हती, त्यामुळे सगळ्यांना जवळ यावं लागलं. "आत माझी साखर बेचाळीसवर आली होती, ते तुझ्या बोटांना कळलं. दोनदा तुला नापास केलं ते मी केलं. पहिल्या वेळी तू 'नाडी लागत नाही' लिहिलंस, आणि ते खरं होतं. मी चुकले, गं. तुझं एक वर्ष माझ्यामुळे गेलं."

 गोगलगायीने पदर धरावा तसं बाईंच्या झग्याचं टोक मुठीत धरलं आणि ती रडू लागली.

"आणि तुमची परीक्षा रद्द झालीय," बाई बाकीच्यांना म्हणाल्या. "आठवड्याने परत होईल. अकराही जणींची."

"का?" तुफान उसळून पुढे आली. "आम्ही काय केलं? बहात्तर म्हणायचं तुम्हीच सांगितलं होतं, बाई! काहीही बदललेलं नाही असं तुम्हीच म्हणालात!"

कुणीतरी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. पण बाईंना राग आला नाही.

"हो, मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं तेच सांगतेय. आत तसंच लिहून आलेय." मग त्यांनी बाकावर थोडं सरकून जागा केली. "ये, बस इथे. माझा हात घे. असा नाही, आतल्या बाजूने. तीन बोटं. आता मोज, पूर्ण एक मिनिट. पुढचं काही आठवू नकोस."

तुफान फणकाऱ्यानेच बसली. तिने बोटं टेकवली आणि सवयीने घड्याळाकडे पाहिलं. व्हरांड्यात ऊन तिरकं आलं होतं आणि अकरा जणींच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या होत्या. वीस सेकंदांनी तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. चाळीस सेकंदांनी ती ओठांनी मोजू लागली. एवढ्या वर्षांत पळत पळत कुठे कुठे जाऊन आलेली ती पोर एका जागी बसली होती, आणि बसवत नसतानाही बसली होती.

"शंभर," ती म्हणाली. "नाही, एकशे दोन." ती गोंधळली. "बाई, साखर तर वर आली ना तुमची? मग अजून एवढी का पळतेय?"

 तुफानने मान वर केली आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्ही घाबरलात का, बाई?"

"हो गं," बाई म्हणाल्या. "ही पोर आज माझ्या हातून घरी गेली असती. फार घाबरले."

मिनिट केव्हाच संपलं होतं. तुफानने हात सोडला नाही.